शेवटच्या पट्टीवरची पाटी

सोनई,
६ नोव्हेंबर २०२५

चि. धनश्रीस,
गहिनीनाथ गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. आरतीने पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि हसत माझ्यापुढे धरलं. आमच्या सूनबाई तुला ‘जपानची पोर’ म्हणतात. तू अजून नगरच्या सावेडीतच आहेस, पण या घरात तुझा मुक्काम केव्हाच जपानात हललेला आहे.

बी.एस्सी. करता करता संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जातेस हे ठाऊक होतं. आता कॉलेजच्या मुलांच्या जपानी वक्तृत्व स्पर्धेत उतरणार, डिसेंबरात नगरला निवड, फेब्रुवारीत पुण्याला शेवटची फेरी, हे वाचलं आणि मी ओट्यावरून उठून अंगणात एक फेरी मारून आलो. खडकवाडीच्या शाळेत दुसरीच्या वर्गात पदराआड लपावं तशी दप्तराआड लपणारी तू. तुझं नाव विचारलं की शेजारची पोरगी सांगायची.

उभा जन्म मुलांकडून कविता म्हणवून घेण्यात गेला. आता माझं मागणं एकच आहे. माझ्या वर्गातलं एक लेकरू समुद्रापलीकडच्या भाषेत बोलतंय आणि मी ते या कानांनी ऐकतोय, एवढं एकदा व्हावं. पुण्याला पोचलीस तर मी येणार. एस.टी. आहे, आणि म्हाताऱ्यांना तिकीट लागत नाही.

तिकडे वसंतात साकुरा नावाचं झाड फुलतं आणि सगळा देश त्याच्याखाली डबे घेऊन बसतो, असं वाचलं होतं. किती गोड देश असेल. मी तुझं भाषण मराठीत लिहून सोबत जोडलं आहे. सुरुवात साकुराच्या फुलांनी, शेवट आपल्या शाळेपुढच्या कडुनिंबाच्या फुलोऱ्यावर. तू त्याचं जपानी कर.

पाठ होत नसेल तर चाल लाव. चालीत बसलेला शब्द दावणीला बांधल्यासारखा असतो, सुटून जात नाही. तुला पाढे कसे पाठ झाले ते आठव.

आणि फोन करू नकोस. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र उशाशी ठेवता येतं.

तुझे,
गुरुजी

*

सावेडी,
१९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहिलेलं भाषण वाचून माझी रूममेट निकिता रडली. मग म्हणाली, यातलं निम्मं जपानीत कसं करणार, देव जाणे. तिचं बरोबर होतं. ‘फुलोरा’ला मी चार दिवस शब्द शोधत होते.

आमच्या पूजा सेन्सेई, म्हणजे जपानीच्या मॅडम, त्यांना साकुरा फारसा पटला नाही. दर वर्षी अर्धी मुलं साकुराच घेऊन येतात म्हणे. पण ते तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मी काढलं नाही. त्यांनी व्याकरण तपासून दिलं आणि कागद बघून दोनदा वाचून घेतलं. वाचताना नीट येतं. कागद ठेवला की सगळं पुसून जातं, अगदी स्वच्छ. मग तुमचा उपाय केला. चाल शोधायची म्हणून वेगळी शोधावी लागलीच नाही. एका रात्रीत सगळं पाढ्यांच्या चालीत जाऊन बसलं. बे एके बे, बे दुणे चार, त्याच ठेक्यात. आता झोपेतून उठवलं तरी येतं. निकिता विचारते, तू जपानी शिकतेस की दुसरीत नापास झालीस?

आई-दादा यंदा ऊसतोडीला संगमनेरकडच्या फडात आहेत. आपल्या वर्गातला अजिनाथ तिथेच ट्रॅक्टरवर आहे. आईने त्याला सांगितलं की धनश्री जपानीत भाषण करणार, तर तो म्हणाला, पहिला नंबर तिचाच. त्याने ऐकलं कुठे, असं नका विचारू. तो पहिल्यापासून तसाच.

आमच्या लंकाआजीला मी म्हटलं की मला भीती वाटते. ती म्हणाली, “बोल खुशाल. ती बी मानसंच हायेत. आन् चुकलीस तरी त्यांला कुठं मराठी येतंय?”

आरतीवहिनींच्या मोबाईलवर माझं भाषण पाठवलं आहे. ऐकून जे काही चुकत असेल ते अगदी स्पष्ट लिहा. तुम्ही ठीक म्हणालात की मग मी कोणाला घाबरणार नाही.

तुमची,
धनश्री

*

सोनई,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. धनश्रीस आशीर्वाद.

मोबाईल छातीशी धरून तुझं भाषण ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. तीच आपली चाल. पहिल्या ओळीलाच ओळखली आणि अंगावर काटा आला. किती वर्षांनी कानावर पडली ती. आता शाळांतून पाढे म्हणतात की नाही कोण जाणे. छान झालंय, पोरी. काहीही बदलू नकोस.

त्या चालीबरोबर सगळी शाळाच परत आली. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायचा. बैलगाड्या गेल्या की गाव एकदम हलकं वाटे. वर्गात तागाच्या पट्ट्या तशाच अंथरलेल्या, पण मधल्या सगळ्या रिकाम्या. आजी-आजोबांपाशी राहिलेली तुम्ही सात-आठ पोरं पुढे कोंडाळं करून बसायचात आणि तुमचे आवाज लहान होत जायचे. रिकाम्या जागेला घाबरून माणूस हळू बोलतं.

म्हणून मी तो रिवाज पाडला. एकाला शेवटच्या पट्टीवर पाटी देऊन बसवायचं. पुढे उभं राहणाऱ्याने कविता म्हणायची. ओळ रिकाम्या पट्ट्या ओलांडून त्याच्यापर्यंत पोचली की त्याने पाटी वर करायची. नाही पोचली तर पुन्हा.

आभाळा रे आभाळा, पाटी तुझी पूस,
एक ओळ लिहून जा, नावापुरता पाऊस.

ही मीच तुमच्यासाठी जुळवलेली. आठवते का? तुझ्यासाठी पाटी कितीतरी दिवस वर गेली नाही. मग शेवटच्या पट्टीवर अजिनाथची पाळी आली, आणि तू तोंड उघडायच्या आत पाटी वर. मी जवळ जाऊन विचारलं, ऐकू आलं का रे? तो म्हणाला, “न्हाई गुर्जी. पन ती लई दमलीया.”

रागवायला हवं होतं. मला जमलं नाही.

गुरुजी

*

सावेडी,
१५ डिसेंबर २०२५

आदरणीय गुरुजी,

काल निवड फेरी झाली. मी पुण्याला जाणार आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

मी माईकपुढे उभी राहिले, वाकून नमस्कार केला आणि सुरू झाले. दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी हसलं. मग एकेक रांग हसायला लागली. मला वाटलं, केसांत काही अडकलंय. थांबले असते तर सगळं विसरले असते, म्हणून थांबले नाही. शेवटी शेवटी मागची मुलं टेबलावर ठेका धरत होती. खाली उतरल्यावर पूजा सेन्सेई म्हणाल्या, “धनश्री, तू पूर्ण भाषण गायलीस.” गुरुजी, मला खरंच कळलं नव्हतं. मला ते बोलणंच वाटत होतं.

परीक्षकांत पुण्यात राहणाऱ्या मोरिता नावाच्या जपानी बाई होत्या. आईच्या वयाच्या असतील. भाषणानंतर प्रश्न विचारतात. त्यांनी विचारलं, साकुरा कुठे पाहिला? मी म्हटलं, पाहिला नाही. मग त्यांनी विचारलं, आणि तो दुसरा वृक्ष? कडुनिंबाबद्दल मला पाठ केलेलं काही नव्हतं. मोडकंतोडकं बोलत राहिले. त्याच्याखाली वर्ग भरायचा, फुलं वहीत पडायची, तुम्ही ती झटकू द्यायचा नाहीत. त्यावर कोणी हसलं नाही. त्या उत्तरामुळे मी चौघांत शेवटची निवडली गेले.

जाताना मोरिताबाई मला म्हणाल्या की जपानातही मुलं पाढे अशीच सुरात म्हणतात, तुझं ऐकून मला माझा दुसरीचा वर्ग आठवला. पुढे हेही म्हणाल्या की पुण्याला मात्र सूर घरी ठेवून ये, आणि स्वतः पाहिलेलं काही घेऊन ये.

आता एक विचारते. राग मानू नका. मी तुम्हाला भाषण पाठवलं होतं. तुम्ही दोनदा ऐकलंत. मी गाते आहे हे तुम्हाला तर कळलंच होतं, मग ‘काहीही बदलू नकोस’ का लिहिलंत? अख्खं सभागृह हसलं त्याचं एवढं वाईट नाही वाटलं. तुम्ही सांगितलं नाहीत, त्याचं वाटलं.

धनश्री

*

सोनई,
१९ डिसेंबर २०२५

प्रिय धनश्री,

हे पत्र मी, आरतीवहिनी, लिहिते आहे. बाबांना माहीत नाही. ते पारायणाला देवळात गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पोरीचं बरोबर आहे. बाकी काही नाही.

आता खरं ऐक. बाबांना ऐकू येत नाही. गेल्या दसऱ्यापासून फारच. नगरला डॉक्टरांना दाखवलं, मशीन घेतलं. दोन दिवस लावलं आणि म्हणाले, आरती, वाटी ठेवली तरी देवळातली घंटा वाजते, पण तू काय म्हणतेस ते तसंच राहतं. डॉक्टरही तेच म्हणाले. आवाज येईल, शब्द येणार नाहीत. मशीन आता सुपारीच्या डबीत आहे. घरात आम्ही समोर उभं राहून, तोंड दाखवून बोलतो. नाहीतर पाटीवर लिहितो. फोन नको, पत्र लिही, असं ते सगळ्यांना का सांगतात ते कळलं ना?

तुझं भाषण मी त्यांना लावून दिलं तेव्हा त्यांनी मोबाईल छातीला लावला होता. डोळे मिटलेले. मग एकदम उघडले आणि मला म्हणाले, “पाढ्याची चाल आहे. पोरीने आपली चाल लावली.” त्यांना तेवढंच ऐकू आलं गं. शब्द एकही नाही, फक्त चाल. म्हणून ते ‘बदलू नकोस’ म्हणाले. तुला फसवायला नाही.

मी म्हटलं, तिला सांगून टाका. तर म्हणाले, ऐकणाराला ऐकू येत नाही हे कळलं की बोलणारा आवाज उतरवतो. ती माझ्यासाठी बोलायची थांबेल. मग या पोरीने एवढे श्रम कुणासाठी केले?

तेव्हा तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. रागावू तर मुळीच नकोस.

तुझी,
आरतीवहिनी

*

सोनई,
२१ डिसेंबर २०२५

चि. धनश्रीस आशीर्वाद.

चूक माझी. चालीच्या नादात बोल माझ्या हातून निसटले. तू रागावलीस ते योग्यच केलंस. माझ्यावर रागावणारी विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच मिळाली आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. दप्तराआडून बाहेर आलीस.

त्या बाईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. साकुरा काढून टाक. न पाहिलेल्या फुलांचा वास माझ्यासारख्या म्हाताऱ्याला येतो, तो त्याने स्वतःपुरता ठेवावा. आणि चालही काढून टाक. पूर्ण काढून टाक, मागे ठेवू नकोस.

कशी काढायची ते सांगतो. चाल येते कारण आपण कोणालाच सांगत नसतो, नुसतं म्हणत असतो. एका माणसाला सांगायला लाग, ती आपोआप जाते. शेवटच्या पट्टीवर कोण बसलंय ते बघ आणि त्याला सांग. पुण्याला मी अगदी मागच्या रांगेत बसेन. पाटी घेऊन येईन. ओळ पोचली की वर करीन. तू फक्त मला सांग.

मला सगळं ऐकायचंय.

गुरुजी

*

सावेडी,
४ जानेवारी २०२६

प्रिय आरतीवहिनी,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की निकिताने ते लपवून ठेवलं.

गुरुजींनी लिहिलंय, चाल पूर्ण काढून टाक. त्यांना कळत नसेल का हो, की चाल काढली तर त्यांच्यापर्यंत पोचणारं काहीच उरत नाही? कळत असणारच. तरी लिहिलं.

तीन आठवडे रोज सेन्सेईंसमोर उभी राहते. हात बाजूला, मान सरळ, सूर नाही. आता जमतंय. आणि जमायला लागल्यापासून रोज वाटतं की मी त्यांच्यासमोर एकेक दार लावत चालले आहे. चाल ठेवली तर ते ऐकतील आणि मी हरेन. हरण्याचं मला काही वाटत नाही, पण मी हरलेली त्यांना चालणार नाही. काढली तर कदाचित जिंकेन, आणि ते मागच्या रांगेत नुसते बसून राहतील.

विषय बदलला आहे. काय ते तुम्हालाही सांगत नाही, कारण तुमच्या पोटात राहणार नाही हे मला आता कळलंय. तेवढं त्यांना पुण्याला घेऊन या. अगदी मागे बसवा, पण मधोमध, खांबाआड नको. मला ते दिसले पाहिजेत.

तुमची,
धनश्री

*

सावेडी,
४ जानेवारी २०२६

आदरणीय गुरुजी,

राग केव्हाच गेला. साकुरा गेला, कडुनिंबही गेला. नवीन काय आहे ते तिथे आल्यावरच कळेल. रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी दहा.

पाटी विसरू नका.

धनश्री

*

सोनई,
३० जानेवारी २०२६

चि. धनश्री,

पाटी सापडली. ट्रंकेत तळाशी होती, बिल्ले आणि तिळाच्या वड्यांच्या रिकाम्या डब्याखाली. घरात लिहायला असते ती नव्हे. ही आपल्या शाळेची, लाकडी चौकटीची, खरी दगडाची. एक कोपरा निखळला होता तो सुतळीने बांधला. आरती म्हणते, पुण्याच्या सभागृहात पाटी घेऊन जाणारे तुम्ही पहिलेच. मी म्हटलं, कुणीतरी पहिलं असावंच लागतं.

नवा विषय सांगत नाहीस. ठीक आहे. आम्हीही तुम्हाला कविता शिकवायच्या आधी सांगत नव्हतो.

एवढंच लक्षात ठेव. बोलताना माझ्याकडे बघ, पण पाटीची वाट बघत अडून राहू नकोस. ती वर जाईल. मी आहे ना तिथे.

गुरुजी

*

सावेडी,
१२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय गुरुजी,

त्या दिवशी गर्दीत काही बोलताच आलं नाही. तुम्हाला चारची एस.टी. गाठायची होती. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. म्हणून इथे लिहिते, तिथे राहिलेलं सगळं.

तिसरी आले. जपानची वारी पहिल्या नंबराला होती, ती कोल्हापूरच्या मुलाला मिळाली. खूपच छान बोलला तो. मला जाडजूड शब्दकोश मिळालाय. त्यात ‘फुलोरा’ला शब्द सापडला, आता काय उपयोग.

माईकपाशी गेले आणि आधी तुम्हाला शोधलं. तुम्ही मागे, मधोमध, मांडीवर पाटी. मी बोलायला लागले. सूर नाही, हात नाही, जशी शिकवलेली तशी. पहिला भाग संपला, पाटी वर. दुसरा भाग सुरू व्हायचा होता, मी नुसता श्वास घेतला, तर पाटी वर. त्या वेळी मला हसू आलं आणि भीती गेली.

मग खरं सांगायचं होतं ते आलं. मी सांगितलं की आमच्या शाळेत दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. एक गुरुजी शेवटच्या पट्टीवर पाटी देऊन एकाला बसवायचे. मला बोलायला त्यांनी असं शिकवलं. आज ते स्वतः शेवटच्या पट्टीवर बसले आहेत. एवढं म्हटलं आणि सगळं सभागृह मागे वळलं. परीक्षकसुद्धा. आणि गुरुजी, तुम्हीही मागे वळून बघितलंत. तुमच्या मागे नुसती भिंत होती.

त्यानंतरचं सेन्सेईंना माहीत नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, आमच्या वर्गात पाढे असे म्हणतात, आणि दोनचा पाढा जपानीत म्हटला, आपल्या चालीत. मोरिताबाईंनी डिसेंबरात सांगितलं होतं तेव्हापासून शोधून पाठ केला होता. नि इचि गा नि, नि निन् गा शि, नि सान् गा रोकु. मोठ्याने, पार शेवटच्या भिंतीपर्यंत. मोरिताबाईंचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. इतरांचं मी पाहिलं नाही.

तुमची पाटी लगेच वर गेली नाही. तुम्ही आधी मान तिरकी केलीत. मग पाटी आली, हळू, दोन्ही हातांनी, आणि मी खाली उतरेपर्यंत वरच राहिली.

गाण्याबद्दल माझे गुण कापले गेले. सेन्सेई दिवसभर रागावलेल्या होत्या. परतीच्या एस.टी.त सुप्याच्या आसपास त्या खिडकीबाहेर बघत तोच पाढा गुणगुणत होत्या.

मोरिताबाई तुमच्यापाशी आल्या, वाकल्या, तुम्ही वाकलात, त्या पुन्हा वाकल्या, तुम्ही पुन्हा. वहिनींनी तुम्हाला ओढून नेलं नसतं तर एस.टी. चुकली असती.

एकच विचारायचं राहिलं. पाटी तीनदा वर गेली. गुरुजी, त्यांतल्या अजिनाथच्या किती?

तुमची,
धनश्री

*

सोनई,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. धनश्रीस,
मनापासून आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या ओळीवरून कळलं की तुला ठाऊक आहे. आरतीकडे पाहिलं तर ती उगाच तांदूळ निवडायला बसली. बरं झालं. लपवाछपवीला वय लागतं, माझं उलटून गेलं.

त्या दिवशीचं माझ्या बाजूने सांगतो. मशीन डबीतून काढून लावलं होतं. सभागृहात दळणाची गिरणी चालू असावी तसं कानात चाललं होतं. तू दिसत होतीस. ओठ हलत होते, मान सरळ, हात बाजूला. एकदाही नजर खाली गेली नाही. दुसरीतली ती पोर हीच का, असं वाटलं. काय बोलतेस ते कळत नव्हतं. पण तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी पाटी वर करीन असा शब्द दिला होता.

मग सगळी माणसं माझ्याकडे वळली. मला वाटलं, मागे काही पडलं. म्हणून मीही वळलो. भिंतच होती. परत पुढे बघतो तर सगळ्यांचे डोळे ओले, आणि मी गोंधळलेला. उठून जावं की काय, असं मनात आलं.

तेवढ्यात त्या गिरणीच्या आवाजातून ती आली. आधी नुसता ठेका. मान तिरकी केली, आणखी ऐकलं. पाढ्याची चाल. धनश्री, मला वाटलं तू मराठीतच म्हणते आहेस. बे एके बे, बे दुणे चार. मी मनात तुझ्याबरोबर म्हणत होतो, आणि एकही अंक इकडचा तिकडे होत नव्हता. एस.टी.त बसल्यावर आरतीने त्याच पाटीवर लिहून दाखवलं की ते जपानी होतं. दौंड फाट्यापर्यंत मी ती पाटी हातात धरून बसलो होतो. समुद्रापलीकडची भाषा या कानांनी ऐकायची होती ना मला? ऐकली. आणि ती मला आपलीच वाटली.

तीनचा पाढाही असेलच त्यांच्याकडे. देवनागरीत लिहून पाठव. ओट्यावर बसून म्हणेन. शेजारच्यांना वाटेल म्हातारा बिघडला, वाटू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दोन पाट्या अजिनाथच्या. तू लई दमली होतीस.

तिसरी माझी.

गहिनीनाथ गुरुजी